रविवारचं कासव

रविवारी सकाळी साडेनऊच्या आधी पेंटरभाऊंकडे कुणी गेलं तर ते दार उघडत नसत. आत आहेत हे बाहेर कळायचं, कारण खिडकीतून टर्पेंटाइनचा वास यायचा आणि बोलण्याचा आवाजही. पण कडी कितीही वाजवा, आतून उत्तर एकच, "फोन चालू हाये. मंग या." एकदा आमचे साहेब काही निकडीच्या कामासाठी स्वतः त्यांच्या क्वार्टरवर गेले, तर त्यांनाही तेच ऐकावं लागलं, फक्त हिंदीत. साहेब बिचारे बाहेर कडुनिंबाखाली स्कूटरवर बसून राहिले. साडेनऊला दार उघडलं तेव्हा पेंटरभाऊंच्या हातात ब्रश होता, डोक्यावर प्लांटचं पिवळं हेल्मेट होतं आणि भिंतीवर एक ओलं कासव होतं.

घरात हेल्मेट कशाला, म्हणून साहेबांनी विचारलं.

"स्टूल पे चढ़ा था, सर," ते म्हणाले. "गिरने वाले को क्या मालूम, घर है कि प्लांट."

साहेबांनी हा किस्सा पुढे महिनाभर सगळ्यांना सांगितला. मीही हसलो. मला त्यांचं हसू यायचंच, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात, अपघात टाळण्याचं काम बघणाऱ्या सुरक्षा खात्यात, आम्ही वीस वर्षं एकत्र होतो. ते बोर्ड रंगवायचे आणि मी कारकून, बोर्डावर काय लिहायचं ते कागदावर लिहून द्यायचो. खात्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. माझे वडील नागपूरकडून रेल्वेत आलेले, आमचं घर दुर्गला मोहन नगरात. ते भंडाऱ्याकडचे, वैनगंगेच्या काठच्या गावातले. साहेबांसमोर आम्ही हिंदी बोलायचो आणि साहेब वळले की मराठी. ते मला बाबू म्हणायचे, मी त्यांना पेंटरभाऊ.

त्यांची एक खोड मला पहिल्याच वर्षी कळली. बाकीचे पेंटर कागदावरचा मजकूर वाचतात आणि आपल्या अक्षरात रंगवतात. हे कागदावरचं अक्षरच उचलायचे. पेन्सिलीनं चौकटी आखून माझा प्रत्येक काना, प्रत्येक वळण तसंच्या तसं मोठं करायचे. हिंदी बोर्डांवर तसंच, इंग्रजीवरही तसंच. त्यामुळे प्लांटात फिरताना मला माझंच हस्ताक्षर पुरुषभर उंचीचं होऊन समोर यायचं. मी एकदा म्हटलं, "भाऊ, सरळ छापील अक्षर काढा ना, माझं कशाले?"

"ज्यानं लिवलं त्याचं अक्षर पाहिजे," ते म्हणाले. "उद्या कोणी विचारलं, हे कोणी सांगतलं, तं समजलं पाहिजे. अक्षर तुमचं, हात माझा."

गेटवर एक बोर्ड होता, अपघाताशिवाय किती दिवस गेले ते सांगणारा. त्यावरचा आकडा रोज एकानं वाढवायचं काम त्यांचं होतं. रात्रपाळीचा निरोप आल्याशिवाय ते आकड्याला हात लावत नसत. आकडा लिहून झाला की दोन पावलं मागे सरून बघायचे आणि मग डबा उघडून पोहे खायचे. आधी कधीच नाही. ही सवय त्यांच्या हाडात किती मुरली आहे, हे मला फार उशिरा समजलं.

त्यांना एकच मुलगी. बायको लवकर गेली, पोरीला त्यांनीच वाढवलं. ती नर्सिंग शिकली, आधी आखातात गेली आणि तिथून थेट हवाईला. हवाई हे ठिकाण कुठं आहे हे आमच्या खात्यात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पेंटरभाऊंनी पोरांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातून पृथ्वीचा गोल आणला आणि बोट ठेवून दाखवलं. चहूकडे निळं आणि मधे चार-पाच ठिपके. "एवढ्या पाण्यात पोरगी हाये माही," ते म्हणाले. त्यांनी स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. तांदुला धरणाहून मोठं पाणीच त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

ती रविवारी सकाळी नऊला फोन करायची. तिच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असायची. ह्या गोष्टीचं त्यांना फार अप्रूप होतं. "रविवार पहिले माझ्याकडे येते, बाबू. मी तो तपासून घेतो आन् मंग तिच्याकडे पाठवतो." कुणी विचारलं, पोरगी कशी आहे, तर आधी घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "तिच्याकडे अजून शनिवार हाये." चांगलं चाललं आहे, असा त्याचा अर्थ.

कासवाची सुरुवात एका फोटोनं झाली. ती एका म्हाताऱ्या हवाईयन बाईच्या घरी भाड्यानं राहत होती. घराजवळ काळ्या वाळूचा किनारा होता. त्या वाळूवर एक भलंमोठं कासव ऊन खात पडलेलं, असा फोटो तिनं पाठवला. खाली लिहिलं होतं, बाबा, ह्याला इथं होनू म्हणतात. पेंटरभाऊंनी फोटोवर चौकटी आखल्या आणि पुढच्या खोलीच्या भिंतीवर ते कासव उतरवलं. समुद्राचा रंग भिलाईत मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. पॉवर हाऊसच्या बाजारातल्या दुकानातून स्वतःच्या खर्चानं चार डबे आणून त्यांनी तो मिसळून काढला.

त्या चित्रानं मोठाच घोटाळा बाहेर आला. आमच्या खात्याचा एक जुना बोर्ड होता. कासव मान कवचात घेऊन बसलं आहे, आणि खाली माझ्या अक्षरात: अपना कवच साथ रखो. लोकांना तो फार आवडायचा. भिंतीवरच्या नव्या कासवाचा फोटो मुलीला गेला आणि तिकडून हसू आलं. "बाबा, बोटं काय काढलीत? त्याला वल्ह्यासारखे पंख असतात. आणि समुद्रातलं कासव मान आत घेऊच शकत नाही."

सोमवारी ते खात्यात आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. "बाबू, आपण खोटा बोर्ड लावला. ज्याले डोकं लपवता येत नाई, त्याले आपण कवचात बसवलं. कामगार काय समजला असन?" त्यांनी साहेबांकडे जाऊन बोर्ड उतरवायची मागणी केली. साहेब म्हणाले, "अरे भाई, वो शिवनाथ नदी का कछुआ है, समुंदर का नहीं. रहने दो." नदीचं कासव मान आत घेतं, हे खरं होतं. त्यावर पेंटरभाऊंचं समाधान झालं खरं, पण बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी बारीक अक्षरात 'शिवनाथ' लिहून टाकलं. माझ्या अक्षरात. मला न विचारता.

मग मुलीनं दर फोनला थोडं थोडं सांगायला सुरुवात केली. हे सगळं तिला ती म्हातारी सांगायची. होनू म्हणजे दीर्घ आयुष्य. होनू हजारो मैल पोहून आपण जन्मलो त्याच वाळूवर परत येतं. जुन्या लोकांनी लाव्ह्याच्या खडकांवर ती कोरून ठेवली आहेत. एका कासवीची तर गोष्ट आहे, ती मुलीचं रूप घेऊन किनाऱ्यावर खेळणाऱ्या पोरांवर नजर ठेवायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही, की काही घराण्यांत मेलेला पूर्वजच होनू होऊन घराची राखण करतो. अशा राखणदाराला ते औमाकुआ म्हणतात. हा शब्द पेंटरभाऊंनी पत्र्याच्या तुकड्यावर लिहून पाठ केला. मीही त्यांच्याकडून तो शिकलो आणि घरी बायकोला ऐकवला, तर ती म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावा.

राखणदार हा शब्द मात्र त्यांच्या मनात बसला. पुढच्या रविवारी फोन झाल्यावर त्यांनी मोठ्या कासवाशेजारी तळहाताएवढं एक लहान कासव काढलं. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. एक आठवडा पोरगी सुखरूप, एक कासव. फोन संपल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, आणि कासव झाल्याशिवाय पोहे खायचे नाहीत. भिंतीवर रांगा लागत गेल्या. मुलगी म्हणाली होती, तिथं कासवाच्या जवळ जायचं नसतं, दहा फूट लांब उभं राहायचं. म्हणून त्यांनी भिंतीपुढच्या फरशीवर पिवळी-काळी पट्टी ओढली. आम्ही गेलो की पट्टीच्या अलीकडे उभे राहून चहा प्यायचो.

शेजारची एक बाई ती कासवं बघून हात जोडायची, विष्णूचा अवतार म्हणून फूल ठेवायला यायची. भाऊंच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच देव्हाऱ्यातले देव वैनगंगेत सोडले होते. घरात बुद्धाची एक तसबीर, बाकी काही नाही. ते त्या बाईला गंभीरपणे म्हणाले, "बाई, ये अवतार नहीं है. ये ड्यूटी पे है."

सात वर्षं हे चाललं. मधे मुलगी एकदाच आली, बारा दिवसांसाठी. भिंत बघून आधी खूप हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. ती गेल्यावर मी त्यांना विचारलं, परत कधी येते म्हणाली? ते म्हणाले, सुट्टी मिळाली की. सुट्टी दर वर्षी पुढच्या वर्षी मिळणार असायची. ह्याबद्दल त्यांनी मुलीला कधी एका शब्दानं टोचलं नाही. ते फक्त कासव काढायचे.

मग एका रविवारी मुलीनं सहज सांगितलं, की तिनं म्हातारीला भिंतीचे फोटो दाखवले. म्हातारीच्या घराण्यात होनूच राखणदार आहे. म्हातारीनं फोटो बराच वेळ पाहिले आणि विचारलं, हे कुणाचं कासव आहे?

त्या रविवारी पेंटरभाऊंनी ब्रश उचलला नाही. सोमवारी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"बाबू, एक अर्ज लिवून द्या."

"कोणाले?"

"म्हातारीले. तिनं बरोबर विचारलं. कोणाचं कासव? आमच्याकडे आजोबाच्या वर नाव माहीत नाई कोणाचं. आन् ज्यायच्या घरी इतक्या पिढ्यांपासून राखणदार हाये, त्यायचा मी उचलून आणला. न विचारता. सात वर्षं."

"अहो, पोरीले सांगा, ती विचारन."

"पोरगी तिथं भाडेकरू हाये. तिनं विचारलं तं म्हातारी भिडेनं हो म्हणन. हो तिच्या मनातून याले पाहिजे. आन् तोंडी मंजुरी चालत नाई."

प्लांटात आयुष्य काढलेल्या माणसालाच हे सुचावं. मी हसू दाबून हिंदीत अर्ज लिहिला, कारण अर्ज मराठीत असतो ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. 'विषय: समुद्री कछुए का चित्र बनाने की अनुमति बाबत. महोदया, प्रार्थी की एकमात्र पुत्री आपके मकान में किराये से रहती है. प्रार्थी प्रति रविवार उसकी कुशलता जानकर दीवार पर एक कछुआ बनाता आया है. प्रार्थी को ज्ञात नहीं था कि कछुआ आपके परिवार का है. अतः अनुमति प्रदान करें, अथवा मना करें. उत्तर आने तक कार्य बंद रखा गया है.' 'अथवा मना करें' हे त्यांनी मला मुद्दाम घालायला लावलं. वर एका कोपऱ्यात लिहायला सांगितलं: द्वारा उचित माध्यम.

"उचित माध्यम कोण?" मी विचारलं.

"तुमी," ते म्हणाले. "इंग्रजी करा आन् दुर्गच्या मोठ्या पोस्टातून पाठवा."

त्यांनी खाली सही केली, पत्ता लिहिलेला कागद टाचणीनं लावला आणि निघून गेले. मी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. 'प्रार्थी'ला इंग्रजीत काय म्हणावं हे मला त्या दिवशी सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी कसलीशी तपासणी होती. आठवड्यानं त्यांनी विचारलं, "गेला?" मी म्हटलं, "गेला." म्हणताना मला वाटलं, आज संध्याकाळी करूनच टाकू. ते झालं नाही. मग 'गेला' म्हणून बसल्यावर तो पाठवायचीच लाज वाटू लागली. आणि खरं सांगायचं तर मला ती सगळी गंमतच वाटत होती. कंटाळा येईल, महिन्याभरात स्वतःच काढायला लागतील, असा माझा हिशेब होता.

त्यांनी काढलं नाही. भिंतीवरची रांग जिथं थांबली होती तिथंच राहिली. रविवारी फोन व्हायचा, साडेनऊला दार उघडायचं, आत हेल्मेट खुंटीवर टांगलेलं असायचं. "उत्तर आलं का, बाबू?" हा प्रश्न ते फार वेळा विचारत नसत, महिन्यातून एकदाच. मी म्हणायचो, "बाहेर देशचं काम हाये भाऊ, टाइम लागते." ते मान हलवायचे. एकदा मात्र म्हणाले, "कसं हाये ना, रविवार येते आन् पोरीच्या मागं कोणी नाई असं वाटते. मी ड्यूटी सोडून घरी बसलो असं वाटते." मी त्यावर काय बोललो ते आठवत नाही. काहीतरी विनोदच केला असणार.

त्याच वर्षी ते रिटायर झाले. आमच्या टाउनशिपचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे: नोकरी संपली की क्वार्टर खाली. भिलाईतल्या पोरांचा जन्म ज्या घरात होतो ते घर त्यांचं कधीच नसतं, आणि त्याचं कुणी फारसं मनावर घेत नाही. सामान हलवायच्या दिवशी मी गेलो तर पेंटरभाऊ हेल्मेट घालून स्टुलावर उभे आणि हातात चुन्याचा कुंचला. कासवांच्या दोन भिंती पांढऱ्या झाल्या होत्या, तिसरी चालू होती.

"अहो भाऊ, हे काय करून राहिले? नवे लोक काय करायचं ते करतीन."

"मंजुरी नसलेलं काम हाये," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या गळ्यात कशाले टाकाचं?"

साडेतीनशेच्या वर कासवं होती. पहिल्या हातात ती झाकली जात नव्हती, चुन्यातून निळं दिसत राहायचं. त्यांनी दुसरा हात दिला, मग तिसरा. सगळ्यात शेवटी पुढच्या खोलीतलं ते मोठं कासव. ते पुसताना मी बाहेर जाऊन उभा राहिलो. अर्ज तेव्हाही माझ्या ड्रॉवरमध्ये होता, स्कूटरनं दहा मिनिटांवर. मी गेलो नाही.

टाउनशिपबाहेर, जुनवानीत, त्यांनी एक खोली घेतली. एक खिडकी, एक खाट, मुलीचे फोटो. भिंती कोऱ्या. खात्यातली माणसं हळूहळू जायची बंद झाली, मीही दोन-तीन महिन्यांतून एकदा जायचो. तिथं आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं. समोर बसून मराठी ऐकून किती दिवस झाले, असं ते मी गेलो की म्हणायचे आणि मग काहीही बोलत सुटायचे, गावचं, नदीचं, रंगांचं. निघताना दारापर्यंत यायचे. "उत्तर आलं तं ते जुन्या पत्त्यावर जाणार," एकदा म्हणाले. "क्वार्टरवाल्यायले सांगून ठेवलं मी." मी मान हलवून स्कूटर चालू केली.

अशी दोन वर्षं गेली आणि माझी दुसऱ्या खात्यात बदली झाली. ड्रॉवर रिकामा करताना तळाशी तो अर्ज सापडला. सापडला म्हणणंही खोटं आहे, तो तिथं आहे हे मला रोज माहीत होतं. टाचणी गंजली होती. त्या दिवशी मला स्वतःची खरी शरम पहिल्यांदा वाटली. मी त्यांच्या मुलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

तिनं मधे न थांबवता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मला तर म्हणाले होते, डोळे दुखतात म्हणून चित्रं बंद केली."

"त्या आजीले विचारशील का आता?"

"आजी मागच्या मार्चमध्ये गेली. आणि तिनं हरकत घेतली नव्हती हो. कुणाचं कासव म्हणाली, मी म्हटलं माझ्या बाबांचं. ती हसली आणि फोटो पुन्हा पुन्हा बघत बसली. एवढंच झालं होतं. बाबांना मी ते पुढचं सांगितलंच नाही, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही."

आता माझ्याजवळ खरं होतं आणि ते चांगलं होतं. सरळ जुनवानीला जाऊन सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर अर्ज गेलाच नाही हेही सांगावं लागलं असतं. म्हणून मी काय केलं, तर घरी बसून जाड कागदावर इंग्रजीत पत्र लिहिलं. मोठी अक्षरं, म्हातारीच्या हातची वाटावीत म्हणून थोडी थरथरती. परवानगी दिली आहे, खुशाल काढा. खाली हिंदी भाषांतर टाइप करून जोडलं. तारीख मार्चच्या आधीची घातली. रविवारी दहाच्या सुमाराला ते घेऊन गेलो आणि म्हटलं, "भाऊ, उत्तर आलं."

ते खाटेवरून उठले. हात धुतले, पुसले, मग पत्र घेतलं. भाषांतर त्यांनी बघितलंही नाही. इंग्रजी कागद खिडकीशी नेला आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवत राहिले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. पण वीस वर्षं त्यांनी माझी अक्षरं पुरुषभर मोठी करून रंगवली होती, हे मी मूर्ख विसरलो होतो.

"हा आर तुमचा हाये, बाबू," ते म्हणाले. "डेंजरच्या बोर्डावर असाच पाय पुढे टाकते तो."

मी वाकून पाहिलं, पाय खरंच पुढे होता.

"अर्ज गेला नाई ना?"

"नाई, भाऊ."

मग मी सगळं सांगितलं. ड्रॉवर, लाज, फोन. म्हातारी हसली होती ते सांगितलं आणि ती गेली तेही सांगितलं. ते मला बोलतील, हाकलून देतील, ह्याची मी वाट बघत होतो. खरं तर त्यांनी तसं करावं असं मला वाटत होतं. त्यांनी पत्राची नीट घडी घातली आणि उशीखाली ठेवली.

"गेली बिचारी," ते म्हणाले. "माह्या पोरीले जागा दिली तिनं."

"भाऊ, ती हसली होती. म्हणजे होच झालं ना ते. काढा आता."

"हसणं म्हणजे मंजुरी नाई, बाबू. आन् देणारीच गेली." ते खाटेवर बसले. भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन वर्षं एक बी कासव काढलं नाई मी. एवढ्या दिवसांत पोरीले काही झालं?"

"नाई. चांगली हाये ती."

"तेच म्हणतो. म्हणजे माह्याशिवाय बी चालते तिचं."

हे ते कुरकुर म्हणून बोलले नाहीत. गेटवरचा आकडा वाचावा तसं बोलले. चांगलीच बातमी होती ती, आणि ती ऐकून त्या माणसाचा चेहरा एवढासा झाला. मला रडू आलं. त्यांनीच उठून स्टोव्ह पेटवला आणि मला चहा दिला.

त्यानंतर मी दर रविवारी जायला लागलो. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. पाचव्या की सहाव्या रविवारी दार उघडलं आणि टर्पेंटाइनचा वास आला. खाटेसमोरची भिंत रंगवलेली होती. वर निळं पाणी, त्यांचं ते मिसळून काढलेलं. खाली काळी वाळू. आणि वाळूतून पाण्याकडे गेलेला एक माग, ट्रॅक्टरच्या चाकाच्या खुणेसारखा. मुलीनं कधीतरी तसा फोटो पाठवला होता. कासव कुठंच नव्हतं.

"कासव कुठं हाये, भाऊ?"

"गेलं पाण्यात." ते कापडानं ब्रश पुसत होते. "कासवाले मंजुरी लागते. वाळूले कशाले लागन?"

मी जवळ जाऊन पाहिलं. कासव वाळू मागे लोटत चालतं, म्हणून लोटलेल्या ढिगांवरून त्याची दिशा कळते, हे त्यांनीच मला एकदा समजावलं होतं. ढीग सगळे आमच्या बाजूला होते. मागाच्या शेजारी हातभर रुंदीची पट्टी वरपासून खालपर्यंत कोरी सोडलेली होती. तिला काळा हात लागला नव्हता, निळाही नाही.

"ही जाण्याची खूण झाली," मी म्हटलं. "येण्याची?"

"ती पोरीनं काढाची. जागा सोडली हाये."

ह्याला आता वर्ष होत आलं. मी अजून दर रविवारी साडेनऊनंतर जातो. दार उघडलं की माझी नजर आधी त्या पट्टीकडे जाते, आणि ते माझ्या नजरेकडे बघत असतात. पट्टी कोरीच असते. ते घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, "तिच्याकडे अजून शनिवार हाये, बाबू."